लोहाराकडनं करून घेतलेली खुरपी, कुदळ, विळे आणि एक सायकल कोळपं : वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचा. बेळगावच्या वेंगुर्ला रोडला एका पत्र्याच्या शेडात बसणाऱ्या लोहाराकडनं आम्ही शेताची हत्यारं करून घेतली, त्याला पाचपैकी साडेचार, अर्धा मार्क कशाचा कापला ते खाली येतंय. ऑनलाइन मागवलेल्या गार्डन सेटला एक, तो पण डबा चांगला होता म्हणून. सायकल कोळप्याला (सायकलच्या चाकावर ढकलत तण काढायचं औत) पाचपैकी पाच, पण सगळ्या जमिनीला नाही. आणि कोनोवीडरला (चिखलातल्या भातातलं तण काढायचं औत) माझ्याकडनं तीन, जावेकडनं शून्य.

आता सविस्तर. आमचं उचगावच्या पुढं दीड एकर आहे, वरचा तुकडा लाल मुरमाड माळ, तिथं रताळी नाहीतर बटाटा, आणि खालती ओढ्याकडंचा काळा तुकडा, तिथं भात आणि भात निघालं की मसूर. सासरे गेल्यावर बैलं विकली, नांगरटीला आणि चिखलणीला ट्रॅक्टर भाड्यानं बोलावतो, तेवढं सोडलं तर लावण, भांगलण (म्हणजे तण काढणं), कापणी, काढणी सगळी हातानं. हात म्हणजे कुणाचे, तर सासूबाई, जाऊ आणि मी. दीर फक्त रविवारी येतात आणि आल्यावर पहिल्यांदा चहा मागतात. हे एवढं का सांगालोय तर बाजारातली हत्यारं बघितली की वाटतं ती करणाऱ्यानं शेतात बाईमाणूस कधी बघितलंच नाही. रेडीमेड कुदळ दोन किलोच्या वर, दांडा साडेतीन फुटाचा आणि एवढा जाड की माझ्या मुठीत मावत नाही. तासभर मारली की खांद्यातनं कळ. आणि मग लोक म्हणतात बायकांना कुदळ झेपत नाही. अहो कुदळच तसली असंल तर कुणाला झेपंल.

लोहाराकडं पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं होतं की टांगलेली असतील त्यातली दोन उचलायची आणि यायचं. तर तो म्हातारा हातातलं काम न सोडता विचारतोय, "जमीन कसली ओ अक्का? दगड लागतोय का चिकटतंय?" मी म्हटलं दोन्ही आहे. "मग एका कुदळीत दोन्ही व्हायचं नाही." आणि खरंच झालं नसतं. मुरमाला पातं अरुंद, जाड आणि टोकाला निमुळतं पाहिजे, म्हणजे दगडाच्या फटीत शिरतं आणि शिरल्यावर दाबलं तरी वाकत नाही. काळ्याला हेच मारलं तर पात्यावर किलोभर चिखल घेऊनच ते वर येतं, तिथं पातं पातळ आणि पाठ गुळगुळीत पाहिजे, म्हणजे माती सुटून पडते. मग म्हणाला "उभारा जरा सरळ" आणि एक काठी घेऊन माझ्या कंबरेला खूण केली, सासूबाईंच्या कंबरेला दुसरी. कुदळीचा दांडा कंबरेएवढा, खोऱ्याचा त्याच्याहून वीतभर जास्त, हा त्याचा हिशोब. सासूबाई बुटक्या आहेत, त्यांच्यासाठी वेगळा दांडा ही कल्पनाच त्यांना पटेना, "माझं काय लगीन आहे का माप घ्यायला" म्हणून हसत बसल्या. आता त्यांच्या कुदळीला कुणी हात लावलेला चालत नाही.

कुदळ सव्वा किलोची करून दिली. हलकी आहे म्हणून काम कमी होतं असं अजिबात नाही. जड कुदळ उचलण्यातच निम्मा जीव जातो, ही तेवढ्याच दमात दीडपट वेळा पडते. मुरमातनं दगड उचकटायचा असंल तर त्याला पहार आहेच, कुदळीनं दगड उचकटायचाच नाही.

लोखंडाबद्दल जरा लिहितो कारण इथंच लोक फसतात. खुरपं बाजारात सत्तर-ऐंशी रुपयालाही मिळतं आणि ह्याच्याकडं दीडशेला, दिसायला दोन्ही सारखीच. स्वस्तातलं बऱ्याचदा बांधकामाच्या सळईचं नाहीतर साध्या पट्टीचं असतं. त्या लोखंडात कार्बनच कमी, त्यामुळं कितीही तापवा आणि कितीही पाण्यात बुडवा, ते कडक होत नाही, धार लावली की दुपारपर्यंत गेली. लोहार जुन्या ट्रकचा पाटा वापरतो, पाटा म्हणजे चाकाच्या वरती कमानीसारख्या पट्ट्या असतात त्या. स्प्रिंगचं पोलाद, अर्ध्या टक्क्याच्या वर कार्बन, म्हणून त्याला पाणी धरतं, म्हणजे तापवून पाण्यात बुडवलं की ते कडक होतं. घ्यायच्या वेळी कानस घासून बघायची: साधं लोखंड असलं तर कानस लोण्यातनं गेल्यागत जाते, पाणी दिलेल्या पात्यावर ती घसरते. दुकानदार कानस घासू देत नसंल तर तिथनं निघायचं.

पाणी देताना मी मुद्दाम थांबून बघितलं. भाता आता नाही, छोटा विजेचा ब्लोअर लावलाय, बाकी भट्टी तीच. खुरप्याचं पान लालबुंद झालं की सांडशीनं धरून फक्त धारेची कड, साधारण बोटभर, पाण्यात धरली. चर्र झालं. मग लगेच बाहेर काढून कड एका दगडावर दोन-तीनदा घासली, लोखंड पांढरं चमकलं आणि मग तो गप्प बघत बसला. मला म्हणाला बघा आता. मागच्या गरम भागातली धग हळूहळू कडेकडं सरकायला लागली आणि त्या चमकलेल्या भागावर पहिल्यांदा फिकट पिवळा रंग आला, वाळल्या गवताचा असतो ना तसला, त्याच्या मागनं तपकिरी, त्याच्या मागनं निळा. पिवळा कडेला पोचला तसं अख्खं पान पाण्यात. पिवळ्यात थांबवलं तर धार टिकते, निळा कडेपर्यंत आला तर मऊ पडते, आणि रंग यायच्या आधीच सगळं गार केलं तर दगडावर आपटल्या आपटल्या तुकडा उडतो. मान मात्र मऊच ठेवायची म्हणजे वाकंल पण तुटणार नाही. थर्मामीटर नाही, काही नाही. भट्टी सावलीत का असते ते पण तेव्हा कळलं, उन्हात हे रंग दिसलेच नसते.

ऑनलाइन सेटचं आता. भाचीनं वाढदिवसाला पाठवलेला, पाच पीसचा, हिरव्या मुठीचा, डब्यावर गोरी बाई टोमॅटो तोडताना. कुंडीला चांगला असंल. आमच्या माळावर रताळ्याच्या सरीत घातला तर पहिल्याच दगडाला खुरप्याची मान चमच्यागत वाकली, सरळ केली, परत वाकली, तिसऱ्यांदा तुटली. मूठ आतनं पोकळ आणि पात्याची दांडी तिच्यात दोन इंच पण गेलेली नाही. लोहाराच्या खुरप्यात दांडी मुठीच्या आरपार जाऊन मागं वाकवून ठोकलेली असते, त्यामुळं मूठ निघायचा प्रश्नच नाही. कंपनीनं पैसे परत दिले तेवढं खरं, पण त्यासाठी फोटो, व्हिडिओ, डब्यावरचा नंबर, त्यात एक दिवस गेला आणि भांगलण तशीच पडली.

विळ्यांचं जरा वेगळं आहे. इथं मी लोहाराच्या बाजूनं सरसकट बोलणार नाही. भात कापायला दातेरी विळा साध्यापेक्षा चांगला, माझं तरी हेच मत झालंय. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा म्हणून आहे, हलका, दाते बारीक. साध्या विळ्याला झटका द्यावा लागतो, मनगट हलवावं लागतं, ह्याला फक्त चूड (भाताच्या काड्यांचा जुडगा) धरायचा आणि आपल्याकडं ओढायचं, करवतीसारखं कापत येतं. संध्याकाळी मनगट दुखत नाही हे मी छातीठोक सांगते. जमिनीलगत कापता येतं, म्हणजे पिंजर (भाताचा पेंढा) जास्त मिळतं, म्हैस खूश. तोटा एकच, दाते झिजले की घरी धार लावता येत नाही. साध्या विळ्याला निसण्यावर दोन हात मारले की झालं, आणि अगदीच बोथट झाला तर लोहार चाळीस रुपयात शेवटून देतो, म्हणजे तापवून, ठोकून, परत पाणी देऊन. त्यामुळं घरात दोन्ही ठेवलेत, भाताला दातेरी आणि गवताला, वैरणीला साधा.

आणि इथंच जावेची गोष्ट. ती डावरी आहे. लग्न होऊन आल्यापासनं सगळे म्हणायचे हिला कापणी जमत नाही, हळू आहे, चुडाची बुडं वरखाली ठेवते. विळ्याची धार एका बाजूनं काढलेली असते हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. उजव्या हाताचा विळा डाव्या हातात धरला की पातं काडीत शिरायच्या ऐवजी वरती सरकतं, दात्यांचं पण तसंच. लोहारानं तिच्या हातात नुसता विळा देऊन गवताची पेंढी कापायला लावली आणि लगेच म्हणाला, "हिचा उलटा पाहिजे की." धार दुसऱ्या बाजूनं काढून दिली, मूठ पण जरा वळवली, जादा पैसे काही घेतले नाहीत. ह्या हंगामात ती माझ्या पुढं होती, आणि सासूबाई आता ह्या विषयावर काही बोलत नाहीत.

आता सायकल कोळपं. हे लोहाराचं नाही, बेळगावातल्या एका वेल्डिंगवाल्याकडनं करून घेतलं, जुन्या सायकलचं पुढचं चाक आमचं, बाकी पाईप, पातं, वेल्डिंग मिळून चौदाशे रुपये. ह्याची आयडिया कुणाची हे बरेच जण विचारतात. असलं सायकलपासनं केलेलं कोळपं जळगाव जिल्ह्यातल्या गोपाळ मल्हारी भिसे ह्या शेतकऱ्यानं केलेलं आणि त्याचं नाव झालं, आता गावोगावचे वेल्डिंगवाले आपापल्या पद्धतीनं करतात. पण मला दुसरीच गंमत वाटते. आपल्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान टाकलं, तिथनं ते कडबा कापायच्या यंत्रावर आणि १९०३ साली लोखंडी नांगरावर गेले. तेव्हा शेतकरी म्हणायचे की लोखंडानं जमिनीला विष लागतं, नांगर पडून राहिले होते. पुढं १९१० ला कारखाना औंध संस्थानात गेला, किर्लोस्करवाडीला, आणि आपल्याकडं राहिला तो किर्लोस्कर रोड. तर सायकल आणि औत ह्यांचं नातं बेळगावला नवीन नाही, आपण फक्त उलट्या बाजूनं आलोय.

वापरायला कसं आहे, तर एकदम सोपं, पुढं ढकलायचं आणि थोडं मागं ओढायचं, पातं जमिनीच्या खाली इंचभर जाऊन तणाची मुळं कापत जातं. वाकायचं नाही हा सगळ्यात मोठा फायदा. मसुरीच्या ओळीत आणि कुरीनं (पेरणीच्या औतानं) पेरलेल्या भातात पाणी साठायच्या आधी हे जे काम करतं त्याला तोड नाही, आम्ही दोघी बसून भांगलायला लागलो तर जो वाफा संध्याकाळपर्यंत चालायचा तो न्याहारीच्या आधी होतो. पण अट काय, ओळी सरळ पाहिजेत आणि ओल बरोबर पाहिजे. वापसा आला की लगेच. ओलं असताना घातलं की चाकाला चिखल धरतो, आणि वाळून ढेकळं झाल्यावर घातलं की पातं वरच्या वर नाचतं. तण पण बोटभर असतानाच, हातभर वाढल्यावर मग कोळपं काय आणि देव काय. पातं सहा इंची आणि नऊ इंची दोन करून घ्या, बोल्टानं बदलता येतात. मुठीची उंची पण बोल्टावर ठेवायला सांगा, वेल्डिंग करून फिक्स करू देऊ नका, नाहीतर परत तेच, दिराच्या उंचीचं कोळपं आणि ढकलणार आम्ही. माळावर मात्र ह्याचा उपयोग शून्य, दगडाला अडकलं की मूठ पोटात बसते.

कोनोवीडर चिखलातल्या भाताला असतो, दोन दातेरी शंकू फिरतात आणि तण चिखलात गाडतात. ओळखीच्यांचा आणून वापरला. तण गाडलं जातं, तिथंच कुजतं, माती हलते, हे सगळं खरं. पण ओळींत पंचवीस सेंटीमीटर अंतर दोरी धरून ठेवलेलं असंल तरच चालतो, आणि आमच्याकडं लावणीला ज्या बायका येतात त्या हाताच्या अंदाजानं लावतात, झपाझप, दोरी म्हटलं की रोजगार वाढवून मागतात आणि त्यांचं पण बरोबर आहे. शिवाय चिखलातनं ढकलायला जड. जाऊ म्हणाली हे बाप्यांनी करावं. बाप्ये चहा पीत होते.

मशीन का नाही घेत हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतो म्हणून एकदाच लिहितो. पॉवर वीडर भाड्यानं मिळतो, कर्नाटक सरकारच्या कृषी यंत्रधारे केंद्रात तासावर मशिनं मिळतात, मोठं रान असंल तर जरूर घ्या. आमचे वाफे लहान, मधी बांध, मशीन वळवायलाच निम्मा वेळ जातो आणि वळवताना कडेची ओळ तुडवली जाते. भात कापणीला मोठं मशीन खालच्या तुकड्यात रुततं, आणि पिंजराचा चुरा होऊन पडतो, मग म्हशीला काय घालायचं. तेवढाच हिशोब आहे, जुनं ते सोनं वगैरे मी काही म्हणत नाही. चिखलणीला ट्रॅक्टरच पाहिजे.

हत्यार नाही पण साध्या पद्धतीत बसतं म्हणून एक सांगते, ह्याला खर्च मिठाचा फक्त. भाताचं बी पेरायच्या आधी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात ओतायचं, हलवायचं, वर तरंगतं ते पोचट, काढून टाकायचं. खाली बसलेलं चांगल्या पाण्यानं दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. धुवायला विसरू नका, मीठ राहिलं तर उगवण मार खाते. सासूबाई आधी म्हणाल्या बियाला मीठ घालायचं हे मी कधी ऐकलं नाही, मग वरती आलेलं पोचट बघून म्हणाल्या एवढं आपण दरवर्षी पेरत होतो की.

सूप पण बांबूचंच घ्या. प्लास्टिकच्या सुपात मसूर पाखडली तर दाणा घसरत पुढं येतो आणि कोंड्याबरोबर बाहेर, बांबूच्या विणीत दाणा धरला जातो. बुरुडाकडनं नवं आणलं की भिजवलेली मेथी वाटून त्यात कागदाचा लगदा घालून लिंपायचं, फटी बुजतात आणि किडा लागत नाही.

तर आता तो कापलेला अर्धा मार्क. पहिलं म्हणजे वेळ. "उद्या या" म्हटलं की परवा समजायचं, आणि मृगाच्या आधी गेलात तर आठवडा धरून चाला कारण अख्ख्या पंचक्रोशीची औतं तिथं येऊन पडलेली असतात. खंडेनवमीच्या आधी पण तेच, पूजेला सगळ्यांना हत्यारं चकाचक पाहिजेत, आणि लगेच पुढं कापणी. त्यातल्या त्यात माघ-फाल्गुनात निवांत असतो, तेव्हा जावा, गप्पा पण होतात. आम्हा बायकांचं बरं आहे, कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना बसला तिकीट नाही, खेपा पडल्या तरी पैसे जात नाहीत, वेळ जातो. कंडक्टर कुदळीकडं बघून काहीतरी पुटपुटतो तेवढं ऐकायचं.

दुसरं, दांडे. लोखंड एक नंबर पण त्याच्याकडं विकायला ठेवलेले दांडे निलगिरीचे आणि कच्चे असतात. पावसाळ्यात घट्ट बसतात आणि दिवाळीनंतर वाळले की कुदळीचं डोकं डुगडुगायला लागतं, ते निसटून कुणाला लागलं तर काय घ्या. दांडा सुताराकडनं वेगळा घ्या, वाळलेल्या बाभळीचा, नाहीतर धामणीचा मिळाला तर सोडू नका, धामण लवचिक, हाताला झटका बसत नाही. सैल झालं की लोक रात्री पाण्यात बुडवून ठेवतात, त्यानं तात्पुरतं फुगून घट्ट होतं, वाळलं की आधीपेक्षा सैल. त्यापेक्षा पाचर मारा. आणि वर्षातनं एकदा दांड्याला जवसाचं तेल आणि पात्याला कसलंही, अगदी गाडीचं जुनं ऑइल चालतंय, पुसून ठेवा, आपल्याकडच्या पावसात चार दिवसात गंज धरतो.

तिसरं, रताळी काढायला मी तीन दातांची कुदळ करून मागितली होती. पात्याच्या कुदळीनं रताळं कापलं जातं आणि कापलेल्या रताळ्याला मार्केटात कोण विचारत नाही, दातांच्या फटीतनं ते सुटून येतं म्हणून. त्याला पाटा शिल्लक नव्हता तर दाते सळईचे घातले, आणि माळावर दोन सऱ्या काढल्या तर दाते फाकून तीन दिशेला तीन. परत नेली तर वाद घातला नाही, बघितली आणि म्हणाला "हे माझंच चुकलं, पाटा घेऊन या." दिरांनी गॅरेजमधनं तुटलेला पाटा आणला, त्यानं मजुरी निम्मी घेऊन नवीन करून दिली. ती आता झकास आहे, ह्या वर्षी कापलेली रताळी फार कमी निघाली, पण पहिल्यांदाच नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं.

धार पण तो ओबडधोबड देतो, घरी नेऊन कानशीनं साफ करावी लागते. काही लोक म्हणतात हा आळस आहे, मला वाटतं ठीक आहे, आपली धार आपण लावायला शिकलेलं बरं, सारखं सारखं कोण जाणार. फक्त ग्राइंडर मारू नका. ग्राइंडरवर कड निळी पडली की वरच्या रंगांची सगळी मेहनत गेली, पाणी उतरलं.

भाव असे पडले: खुरपं दीडशे, साधा विळा एकशे ऐंशी, सव्वा किलोची कुदळ दांड्याशिवाय चारशे, तीन दाती साडेपाचशे आणि पाटा आपला. घासाघीस करायला गेलात तर तो गप्प बसतो आणि दुसऱ्याचं काम हातात घेतो, त्यामुळं करू नका. बिल मिळत नाही. पैसे रोख किंवा फोनपे, फोनपे नातवाच्या नंबरवर आहे आणि नातू शाळेत असतो, तर मेसेज आला का नाही ह्यावर जरा वेळ जातो, रोखच न्या. अमावस्येला बंद. मराठीत बोला नाहीतर कन्नडात, दोन्ही चालतंय, तो स्वतः एका वाक्यात दोन्ही बोलतो.

जाताना जुनं हत्यार असलं तर ते घेऊन जावा, तुम्ही कुठल्या बाजूनं झिजवलंय ते बघून तो मूठ ठरवतो. शेतातलं मातीचं ढेकूळ पिशवीत नेलं तर आणखी बरं, आम्ही नंतर नेलं. जिनं वापरायचं तिलाच पाठवा, नवऱ्याला पाठवलं तर नवऱ्याच्या मापाचं येईल. आणि घरात कोण डावरं असंल तर ते पहिल्यांदा सांगा, लोखंड भट्टीत जायच्या आधी.